घर घ्यावं ते थंडीत

घर कधी घ्यावं हे कुणाला विचारायचं असेल तर मीटरवाल्याला विचारा. फुकटात सांगेल, आणि वर दोन तास सोडणार नाही. उन्हाळ्यात घर बघू नये, म्हणायचा तो. उन्हाळ्यात सगळीच घरं देखणी. खिडकीत ऊन, दारात फुलं, विकणारा ताठ आणि घेणारा पाघळलेला. पावसात बघावं, म्हणजे ओल कुठे उठते ते कळतं. आणि घ्यावं मात्र ऐन थंडीत. थंडीत घर बघायला कुत्रंही बाहेर पडत नाही. विकणारा एक महिना वाट बघतो, दोन महिने बघतो, तिसऱ्या महिन्यात तो मऊ होतो. तेव्हा तुम्ही जाऊन बेल वाजवायची. "गरजवंताला अक्कल नसते," असं तो इतक्या समाधानानं म्हणायचा, की ही म्हण त्याच्या आजोबांनीच तयार केली असावी असं वाटायचं.

नऊ वर्षं तो हे सांगत होता आणि नऊ वर्षं भाड्याच्या दीड खोलीत राहत होता. खाली लाँड्री, वर हे. दिवसभर इस्त्रीची वाफ जिन्यातून वर यायची, कपडे वाळायचे नाहीत, बायकोला बारा महिने खोकला. मुलगी चौदा वर्षांची झाली तरी कपाटाच्या मागे झोपायची, आणि तिनं पाय पसरले की कपाटाचं दार वाजायचं. नऊ वर्षांत त्यानं एकतीस घरं बघितली. कुठे भाव अजून उतरेल म्हणून थांबला, कुठे ओल दिसेल म्हणून पावसासाठी थांबला, आणि थांबेपर्यंत एकतीसच्या एकतीस घरांत दुसरीच माणसं जाऊन राहिली. मेहुणा त्याला 'सबुरीशेठ' म्हणायचा.

"काय सबुरीशेठ, यंदा घर, का पुढच्या जन्मी?"

"सबुरीचं फळ गोड असतं."

"असेल हो गोड, पण खायला दात राहायला हवेत ना!"

यावर सगळे हसायचे. बायको हसायची नाही. ती औषधांच्या कारखान्यात गोळ्यांची पाकिटं खोक्यात भरायची, आणि पैसे होते ते निम्मे तिच्या त्या खोक्यांचे होते. हो, पैसे होते. आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढे तुम्ही त्याची कीव करत बसाल. सरळ भावानं एक बरं घर येईल एवढे पैसे त्यांच्याकडे दोन वर्षांपासून होते.

आता त्याचं काम. वीज कंपनीच्या पिशवीत वही घालून तो रोज गल्ल्या फिरायचा. घराच्या बाजूच्या भिंतीवर मीटरची पेटी असते, ती उघडायची, आकडा लिहायचा, पुढे. वीस वर्षं हे केल्यावर माणसाला आकडे बोलायला लागतात. कुणाकडे पाहुणे आलेत, कुणाकडे बाळ झालंय, कोण परगावी गेलंय, हे त्याला उंबरा न ओलांडता कळायचं. आणि कोणतं घर रिकामं पडलंय, म्हणजे कोणता मालक लवकर मऊ होणार, हेही. आकड्याचा असा उपयोग करणं कंपनीच्या नियमात बसत नसेल. पण आकडा बघू नका असं कुठे कुणी म्हणालं होतं?

तर त्या वर्षी उन्हाळा संपता संपता शिवणबाईंच्या खिडकीत 'घर विकणे आहे' अशी पाटी लागली.

शिवणबाई म्हणजे त्याच्या फिरतीतल्या शेवटच्या गल्लीतल्या. सत्तरीच्या, एकट्या. चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले, उसवले, सैल केले. आता डोळ्यांनी दगा दिला होता, सुईत दोरा जाईना. त्यांची थोरली बहीण दुसऱ्या शहरात राहायची. तिच्या शेजारची एक खोली रिकामी होती. घर विकायचं, ती खोली घ्यायची, मशीन तिथल्या खिडकीत ठेवायचं आणि दोघी बहिणींनी दिवसभर भांडायचं, असा त्यांचा बेत होता. हा बेत त्यांनी घर बघायला आलेल्या मीटरवाल्याला आणि त्याच्या बायकोला हसत हसत सांगितला.

घर साधंच होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागं कपडे वाळत घालण्यापुरती मोकळी जागा. पण पुढच्या खोलीला ही एवढी खिडकी! मशीन तिच्याखालीच होतं. बायकोनं घराबद्दल चकार शब्द काढला नाही. ती नुसती खिडकीपाशी गेली आणि वितीनं खिडकी मोजायला लागली. एक वीत, दोन वीत, पार सात. मग वळून म्हणाली, "अहो, घेऊ या."

भाव वाजवी होता. मीटरवाल्यालाही तो वाजवीच वाटला, आणि तिथंच त्याचं बिनसलं. उन्हाळ्यात वाजवी, तर थंडीत किती खाली येईल!

"मावशी," तो म्हणाला, "घर आमच्या मनात भरलंय. घेणार आम्हीच. फक्त जरा थांबा."

"थांबते की, त्यात काय," शिवणबाई म्हणाल्या. "हिनं खिडकी मोजली तेव्हाच मी ओळखलं. आता हे घर तुमचंच."

'जरा थांबा' हे तो एकतीस घरांत म्हणाला होता आणि एकतीस घरांत कुणी थांबलं नव्हतं. बोलून बाहेर पडला की तो ते विसरायचा. याही वेळी विसरला.

पुढच्या महिन्यात तो आकडा घ्यायला गेला तर पाटी गेलेली. हा मनात खूश. "बाई निराश झाल्या," घरी येऊन म्हणाला. "गिऱ्हाईक येईना, पाटी काढली. आता बघ."

"पण विकलं असेल तर?"

"अगं, विकलं असतं तर नव्या माणसांचा आकडा दिसला असता. उलट कमी झालाय. गेल्या महिन्यात एकशे दहा युनिट होते, आता चौऱ्याण्णव."

त्याच्या पुढच्या महिन्यात साठ. मग एकतीस. थंडी पडायला लागली होती, सगळ्या गल्लीचे आकडे हीटरमुळे वर चालले होते, आणि एक शिवणबाईंचा तेवढा खाली. पडदे ओढलेले. एकदा खिडकीच्या बाहेरच्या कट्ट्यावर ताटलीनं झाकलेलं एक पातेलं दिसलं त्याला. मांजराला ठेवलं असेल कुणीतरी, असं म्हणून तो पुढे गेला. आकडा लिहिला आणि पेटी हळूच लावली.

"एकदा बेल तरी वाजवा," बायको म्हणाली. "म्हातारं माणूस आहे."

"बेल वाजवली की तिला कळणार आपल्याला घाई आहे. मग भाव उतरतोय कसला!"

आणि मग थंडीच्या ऐन मध्यावर आकडा आला चौदा. त्या संध्याकाळी तो जिने दोन दोन पायऱ्यांनी चढला. "चौदा!" दारातूनच ओरडला. "अगं, फ्रिज चालू असला तरी महिन्याला तीस होतात. माणूस राहतं तिथं फ्रिज तरी चालतोच की नाही? म्हणजे फ्रिजसुद्धा बंद. बाई बहिणीकडे गेल्या असणार, घराला कुलूप. रिकामं घर म्हणजे नुसता घोर. आता म्हणशील त्या भावाला देतील." कपाटामागून मुलीनं विचारलं, "म्हणजे मला खोली मिळणार?" त्यानं तिला चक्क उचलायचा प्रयत्न केला. चौदा वर्षांची पोरगी, ती काय उचलतेय! कंबर धरून खाली बसला आणि तिघंही खूप हसले. बायकोसुद्धा हसली. हे लक्षात ठेवा, पुढे त्याला फार आठवलं.

शेजाऱ्यांकडून बहिणीचा पत्ता मिळवावा म्हणून रविवारी दुपारी दोघं त्या गल्लीत गेली. सहज म्हणून आधी बेल वाजवली, आणि दार उघडलं.

शिवणबाई दारात होत्या. अंगावर दोन स्वेटर, वर कोट, डोक्याला मफलर, हातात बोटं कापलेले लोकरी मोजे. त्यांचा चेहरा असा काही उजळला की मीटरवाल्याला वाटलं, आपल्या मागं दुसरंच कुणी उभं आहे.

"आलात! या, या. मला वाटलंच होतं या आठवड्यात याल."

आत बाहेरच्यापेक्षा जास्त गारठा होता. बोलताना वाफ निघत होती. घर बंद असेल बरेच दिवस, आज कशाला तरी आल्या असतील, असं त्यानं मनाशी जुळवलं. माणसाला स्वतःची समजूत घालायची असली की जुळवाजुळव किती भरभर होते बघा! शिवणबाईंनी कोपऱ्यातला हीटर ओढत आणला आणि लावला. धूळ जळल्याचा वास आला, कारण तो किती दिवसांनी लागत होता कोण जाणे. "आज पाहुणे आहेत," त्या म्हणाल्या आणि चहा टाकायला गेल्या. स्वयंपाकघराचं दार उघडं राहिलं. पलंग आत शेगडीजवळ आणलेला होता. बायकोनं तो पाहिला. यानंही पाहिला, पण याच्या जिभेवर भावाचा आकडा आलेला होता आणि तो त्याला आधी बोलून टाकायचा होता.

चहा आला. त्यानं घसा खाकरला आणि उन्हाळ्यातल्या भावातून चौथा हिस्सा काढून टाकून उरलेला आकडा सांगितला. थंडी आहे, गिऱ्हाईक नाही, घराला रंग लागेल, वगैरे वगैरे.

शिवणबाईंनी हीटर पाहुण्यांकडे जरा सरकवला. मग म्हणाल्या, "चालेल. तुम्हाला शब्द दिलाय. उगाच घासाघीस कशाला."

झालं! नऊ वर्षांची सबुरी फळाला आली. त्यानं विजयानं बायकोकडे पाहिलं. ती त्याच्याकडे बघतच नव्हती.

"मावशी," ती म्हणाली, "तुम्ही बहिणीकडे गेला होता ना?"

"मी? नाही गं. कशी जाणार? घर विकल्याशिवाय ती खोली कुठली घेणार? खोलीच्या मालकांनी दिवाळीपर्यंत वाट बघितली, त्यांनी तरी किती थांबायचं! दिली दुसऱ्याला. आता पुतण्याकडे जाईन. तिथं मशीनला जागा नाही, ते तुमच्या खिडकीतच राहू दे."

"मग पाटी का काढली?"

"वा! यांना शब्द दिल्यावर पाटी कशी ठेवायची? एक मास्तर-मास्तरीण आले होते नंतर, पूर्ण भाव देत होते. मी म्हटलं, घर दिलंय."

मीटरवाल्यानं हातातला कप खाली ठेवला.

"पण वीज..." बायकोच्या तोंडून निघून गेलं.

"काम बंद, मग काटकसर करायला नको? फ्रिज काय करायचाय थंडीत, दूध बाहेर कट्ट्यावर छान राहतं. अंधार पडला की पांघरुणात शिरायचं." शिवणबाईंनी मीटरवाल्याकडे पाहिलं, अगदी मायेनं. "भाऊंना माहीतच आहे सगळं. दर महिन्याला यायचे, मी पडद्याआडून बघायची. आकडा लिहायचे, क्षणभर थांबायचे, आणि पेटी हळूच लावून जायचे. मला कानकोंडं वाटू नये म्हणून बेलसुद्धा वाजवली नाही कधी. मी म्हणायची, पैशांची जुळवाजुळव चाललेली दिसते बिचाऱ्यांची, पण लक्ष आहे हो. आणि आता बिल चौदा युनिटवर आल्यावर धावत आलात. आकडा बघूनच आलात ना?"

धरणीनं पोटात घ्यावं असं माणसं बोलतात, ते त्याला त्या दिवशी कळलं.

"हो," तो म्हणाला. "आकडा बघूनच आलो."

परतताना बायको दोन पावलं पुढे चालत होती. लाँड्रीच्या दारापाशी ती थांबली. "खरं बोललात हो," म्हणाली. "लग्न झाल्यापासून एवढं खरं कधी बोलला नव्हतात." नंतरचे आठ दिवस ती त्याच्याशी कामापुरतं बोलली. मुलीला काही माहीत नव्हतं, ती पलंग कुठे लावायचा त्याची चित्रं काढत होती आणि एकेक चित्र त्याला आणून दाखवत होती. 'छान, छान' म्हणताना त्याला तिच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

त्यानं सगळे उपाय करून पाहिले. सौदा हा सौदा असतो, असं स्वतःला सांगितलं. सगळं जग असंच करतं, सांगितलं. आपल्याला काय माहीत, आपण थोडेच तिला थांबवून ठेवलं, असं म्हणायला गेला आणि तिथं मात्र अडला, कारण थांबवून ठेवलं होतं त्यानंच. जनाची म्हणाल तर काही भीती नव्हती, कुणाला कळणार होतं? ती म्हातारी तर त्याला दुवा देत होती. पण जनाची नाही तर मनाची, आणि मन काही ऐकेना. चौदा, चौदा, चौदा. तो आकडा आपण दारातून आनंदानं ओरडून सांगितला होता, हे आठवलं की तो चालता चालता रस्त्यात डोळे मिटायचा.

शेवटी म्हणाला, "पूर्ण भाव देऊ या."

"द्या," बायको म्हणाली. "पण सांगाल काय?"

त्यानं एक थाप तयार केली. बँकेच्या माणसानं घर बघितलं, किंमत जास्त आहे म्हणाला, आम्हाला कमी देता येत नाही. चांगली थाप होती. कुणाचंच काही जात नव्हतं.

पुढच्या आकड्याचा दिवस आला. कागदांवर सह्या व्हायला चार दिवस होते. तो गल्लीत आला, पेटी उघडली. या महिन्याचे सोळा युनिट. चौदाचे सोळा झाले होते. ते दोन कुठले, ते त्याला ठाऊक होतं. आपण चहा पीत बसलो होतो, त्या हीटरचे. बाई तेवढाच वेळ ऊब घेऊन पुन्हा पांघरुणात शिरल्या होत्या.

त्यानं बेल वाजवली, आणि दारातच थाप मारायला सुरुवात केली. बँकेपर्यंत आला, किमतीपर्यंत आला, आणि शिवणबाईंचे डोळे भरले.

"असं कुणी करत नाही हो, भाऊ," त्या म्हणाल्या. "कमी भावात मिळत असताना वाढवून देतं का कुणी? बँक कसली न् काय! तुमचं मन मला पहिल्यापासून दिसलंय. तुमच्यासारखं माणूस..."

"नाही," तो म्हणाला.

"नाही कसं?"

"मावशी, मला वाटलं होतं घर रिकामं आहे." आता थांबता येईना. "आकडा खाली आला की मी खूश व्हायचो. घराला कुलूप असेल, तुम्ही टेकीला आला असाल, भाव पडेल, म्हणून मी थंडीची वाट बघत होतो. बेल वाजवली नाही ती भाव चढेल म्हणून. तुम्ही आत आहात हे माझ्या डोक्यातच आलं नाही. चौदावर आला तेव्हा मी... आम्ही हसलो."

शिवणबाई रागावतील, दार तोंडावर आपटतील, चार शिव्या देतील, असं त्याला वाटलं होतं. तसं झालं असतं तर तो सुटला असता. त्या नुसत्या बघत राहिल्या. डोळ्यांतलं पाणी तसंच होतं, पण ते आता कशाचं, ते त्यांनाही कळत नसावं.

"म्हणजे तुम्ही बघत नव्हता," त्या म्हणाल्या.

"आकडा बघत होतो."

"मला वाटायचं, एक माणूस तरी बघतंय." त्यांनी मफलर सारखा केला. "त्या जिवावर काढली हो ही थंडी. वाटायचं, एक तारखेला येतील, बघून जातील. मी त्या दिवशी केस विंचरून बसायची पडद्यामागं."

नऊ वर्षांत पहिल्यांदा त्याच्या तोंडून 'जरा थांबा' सुद्धा निघालं नाही.

"पूर्ण भाव म्हणालात ना?"

"हो."

"मग पूर्ण भाव. खिडकी तुमच्या बायकोला दिली म्हणून सांगा. आणि मशीन मी नेणार. पुतण्याला करू दे जागा." आणि त्यांनी दार लावलं. आपटलं नाही, साधंच लावलं.

तो पेटीशी परत आला, कारण आकडा लिहायचा राहिला होता. वही उघडली. पेटीतली चकती नेहमीसारखी रेंगाळत होती. मग ती एकदम सुटली, भराभर फिरायला लागली. आत हीटर लागला होता, आणि या वेळी पाहुणे नव्हते. तो हातात पेन्सिल धरून उभा राहिला. पडदा हलला नाही. आता त्यामागं कुणी बसणार नव्हतं.